गाडीचा खर्च धंद्यात टाकायचा तर हे आधी बघा

नोकरीवाले असाल तर हे तुमच्यासाठी नाहीच. भुसावळहून जळगावला रोज बाईकने ऑफिसला जाता, पेट्रोलच्या पावत्या जमवून ठेवल्यात, तरी इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये त्या टाकायला जागा नाही, स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम, मिळतं (नव्या रिजीममध्ये, म्हणजे नव्या कर पद्धतीत, 75,000, जुन्यात 50,000) त्यातच सगळं आलं. धंदेवाल्यांचं वेगळं. आणि नवी रिजीम घेतली की काहीच वजा होत नाही असं जे गावभर चालतं ना, ते चूक आहे. 80सी वगैरे (विमा, पीपीएफ अशा बचतीची वजावट) जातं, पण धंद्याचा खर्च आणि घसारा (गाडी जुनी होऊन किंमत उतरते त्याची दरवर्षीची वजावट) दोन्ही रिजीममध्ये मिळतो.

आता पहिले सीएला विचारा की रिटर्न कशात भरता. 44एडी (छोट्या धंद्यांसाठीचं इन्कम टॅक्सचं कलम) असेल, म्हणजे उलाढालीच्या 8 टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर 6) नफा धरून, तर विषय संपला, डिझेल घसारा सगळं त्यातच धरलेलं असतं. वरून वेगळं मागता येत नाही. आणि खर्च जास्त झाला म्हणून त्याहून कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची 5 वर्षं परत आत येता येत नाही, वर ऑडिट मागे लागू शकतं, तर नुसत्या गाडीसाठी हा उद्योग करू नका भो. कमिशनवाल्यांना मात्र 44एडी लागूच नाही. म्हणजे रावेर-सावद्याकडचे केळीचे दलाल, विम्याचे एजंट, तुम्हाला खरा हिशोब ठेवावाच लागतो.

त्यासाठी गाडीत एक डायरी टाका. 1 एप्रिलला मीटरचा फोटो, 31 मार्चला परत एक, आणि मधे धंद्याची फेरी झाली की तारीख, कुठे गेलो, कोणाकडे, मीटर किती. त्याच दिवशी लिहा, वर्षाअखेर एका बसणीत एकाच पेनाने लिहिलेली डायरी लगेच ओळखू येते. घर ते दुकान मी तरी पर्सनलच धरतो, लग्नं, मनुदेवीचं दर्शन हे तर आहेच पर्सनल.

समजा गाडी वर्षात 20,000 किमी चालली, त्यातले 14,000 धंद्याचे, म्हणजे 70 टक्के. डिझेल, विमा, सर्व्हिसिंग मिळून 1,90,000 आणि लोनचं व्याज 40,000, एकूण 2,30,000, त्याचे 70 टक्के 1,61,000. हप्त्यातलं फक्त व्याज धरायचं, मुद्दल नाही, इथे लय लोक पूर्ण हप्ता टाकून देतात. घसारा कारला 15 टक्के (भाड्याने चालणाऱ्या टॅक्सी-ट्रकला 30), 8 लाखाच्या गाडीवर 1,20,000, त्याचे 70 टक्के 84,000. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर घसाऱ्याला अडचण येते, म्हणून घेतानाच नाव बघा.

आणि गाडी कधी घेता यालाही किंमत आहे. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा अर्धाच. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता, त्या दिवशी घेऊन कामाला लावलेल्या गाडीचे मार्चअखेर 181 दिवस भरतात, घसारा पूर्ण. धनत्रयोदशीला 18 ऑक्टोबरला घेतली त्याला अर्धा! मुहूर्ताच्या हौसेत हे कोणी बघत नाही.

पेमेंट शक्यतो यूपीआय किंवा चेकने करा. एकाच दिवसात एकाच माणसाला 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च पूर्ण उडतो, नुसता वरचा भाग नाही. गॅरेजचं 14,000 चं बिल रोखीत दिलं की गेलं. ट्रॅफिकचं चलान पण खर्चात बसत नाही, दंड तो दंड. कारवरच्या जीएसटीचं क्रेडिटही (घेताना दिलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करणं) साध्या दुकानदाराला मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळतं.

मोबाईल, घरातूनच ऑफिस चालत असेल तर लाईट बिल, यांनाही हाच नियम, धंद्याचा जो वाटा असेल तेवढाच.

आपल्याकडे अजून एक भानगड असते, कृषी केंद्रही आणि शेतीही. ट्रॅक्टरचं डिझेल दुकानाच्या खात्यात टाकायचं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून त्याचा खर्च दुसऱ्या उत्पन्नातून कापता येत नाही. पंपावर बिल घेतानाच गाडीचा नंबर टाकून घेत जा, म्हणजे ट्रॅक्टरच्या पावत्या आपोआप वेगळ्या पडतात.