फोटोवरून जुनं विमान ओळखताय? मग या चुका टाळा

दर दिवाळीच्या साफसफाईत आमच्या लष्कर भागातल्या कुणाच्या तरी माळ्यावरून एखादा जुना अल्बम निघतो. त्यात फेटे, कोट, पाटावर बसवलेलं बाळ आणि नशीब असलं तर एक विमान. तो फोटो माझ्याकडे येतो तेव्हा बारसं आधीच झालेलं असतं. नाव बहुतेक वेळा एकच: टायगर मॉथ, म्हणजे दोन मजली पंखांचं ते प्रसिद्ध ब्रिटिश विमान.

दोन मजली पंख दिसले की टायगर मॉथ, हे आता पुरे. टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं 1931 च्या ऑक्टोबरमध्ये. फोटो त्याआधीचा असेल तर विषय तिथेच संपला. तारीख माहीत नसेल तर नाकाकडे बघा. त्याच्या आधीच्या भावंडाचं, जिप्सी मॉथचं, इंजिन सरळ बसवलेलं, सिलिंडरची डोकी वर, म्हणून प्रॉपेलरचा मध्य खालच्या बाजूला. टायगर मॉथचं इंजिन उलटं टांगलेलं, त्यामुळे प्रॉपेलर नाकाच्या वरच्या कडेशी. शिवाय टायगर मॉथचे पंख किंचित मागे ओढलेले असतात. पुढच्या माणसाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि तोल सांभाळायला पंख मागे वळवले. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. पण ती दोन मिनिटं कुणाकडे नसतात.

आता माझा खास राग: फोटोमागचं लिखाण. मित्राचा भाचा एक फोटो घेऊन आला. तळ्यात उभं असलेलं, पाण्यावर उतरणारं चार इंजिनांचं विमान, काठावर छत्री धरलेले दोन गृहस्थ. मागे सुवाच्य अक्षरात ‘सुंदरलँड बॉम्बर, 1938’. मी भिंग काढलं तर म्हणाला, "काका, लिहिलंय ना मागे!"

"कशानं लिहिलंय?"

"पेननं."

बॉलपेननं. बॉलपेन बाजारात आलं ते 1945 च्या सुमारास. म्हणजे ते वाक्य फोटो काढणाऱ्याचं नव्हतंच, पुढे कधीतरी अल्बम लावणाऱ्या कुणाचं तरी होतं. मग विमान पाहिलं. सुंदरलँडला नाकात आणि शेपटीत तोफांचे घुमट असतात. इथे नाक गुळगुळीत, शेपटी निमुळती आणि अंगावर प्रवाशांच्या खिडक्यांची रांग. हे सुंदरलँड बनवणाऱ्या शॉर्ट कंपनीचंच, पण ‘एम्पायर’ नावाचं प्रवासी विमान. शेपटीतल्या तोफांच्या वजनामुळे सुंदरलँडचा पंख थोडा मागे वळवावा लागला होता, इथे तसं काही नव्हतं. तीसच्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची ही विमानं कराचीहून कलकत्त्याला जाताना राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे थांबे घेत आणि ग्वाल्हेरला माधोसागर तलावावर उतरत. बॉम्बर कसला, टपाल आणि साहेबलोक! भाचा जरा हिरमुसला. घरी सगळ्यांना बॉम्बर सांगून झालं होतं.

तेव्हापासून मी मागची बाजू सगळ्यात शेवटी वाचतो. आधी वाचली की डोळे तेच शोधतात.

दुसऱ्या चुकीत मी स्वतः तीन संध्याकाळी घालवल्या आहेत. एका विमानासमोर पाच जण ओळीने उभे होते. त्यांच्या खांद्यांमधून दोनच अक्षरं दिसत होती, आधी A, मग T. मी समजलो, नोंदणीचा शेवट AT. जुन्या नोंदींच्या याद्या घेऊन बसलो, एकही विमान जुळेना. चौथ्या दिवशी चहा पिताना सहज लक्ष गेलं: पाचही जणांच्या कोटाचा वरचा खिसा उजव्या बाजूला! निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली होती. भारतीय विमानांच्या नोंदणीची सुरुवात VT ने होते आणि V, T, A, M, H ही अक्षरं आरशात बघितली तरी तशीच दिसतात, त्यामुळे डोळ्याला संशय येत नाही. माझा AT म्हणजे उलटं छापलेलं VT-A होतं, V आणि आडवी रेघ माणसांमागे लपलेली. आता फोटो आला की आधी खिसे बघतो, मग दुकानाच्या पाट्या, मग विमान.

रंगांवर पैज लावू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. लाल फेटा काळा येतो, निळं फिकट येतं आणि विमानावरच्या ब्रिटिश ओळखखुणेच्या वर्तुळाची पिवळी कड काळी पडते. वर्तुळात लाल ठिपका मुळीच नाही, म्हणून कुणी तो खोडला असंही समजू नका. जपानी विमानांवरच्या लाल खुणेशी घोटाळा होऊ नये म्हणून 1942 पासून आपल्याकडच्या विमानांवरून लाल काढला होता. उलट त्यानं साल ठरवायला मदतच होते.

छत असलेलं एकपंखी मॉथ दिसलं तर पंखाची रुंदी बघा. पस मॉथचा पंख बुडापासून जवळजवळ टोकापर्यंत सारखाच रुंद, लेपर्ड मॉथचा टोकाकडे निमुळता. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथमधून. लेपर्ड मॉथ 1933 चं, त्यामुळे त्या दिवसाचा म्हणून कुणी लेपर्डचा फोटो दाखवला तर चहा पाजून परत पाठवा.

मोबाईलला विचारणं: विचारा, पण मला सांगू नका.

आणि कापाकापी. विमान तेवढं ठेवून बाकीचा फोटो छाटून पाठवणारे फार झालेत. अहो, उंची मोजायची ती शेजारच्या माणसावरून, मोसम कळतो सावलीवरून नि कपड्यांवरून, जागा कळते मागच्या टेकडीवरून. अशाच एका छाटलेल्या फोटोत किल्ल्याची कड कोपऱ्यात असती तर मला तासभर डोकं खाजवावं लागलं नसतं. तेव्हा चारही कडांसकट अख्खा फोटो स्कॅन करून पाठवा. मागची बाजूही पाठवा, बॉलपेननं लिहिलेली असली तरी.