नागोयात घर घेताना आधी जमिनीची उंची विचारा

जपानमधल्या नागोयात नव्याने येणारी आपली भारतीय मंडळी घर बघताना भाडं आणि स्टेशनचं अंतर विचारतात, जमिनीची उंची मात्र कोणी विचारत नाही. बंदरालगतच्या मिनातो आणि मिनामी भागांत भाडं कमी, म्हणून ओढा तिकडे. पण तिथली बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. २६ सप्टेंबर १९५९ च्या इसे-वान वादळात बंदरात पाण्याची पातळी ३.८९ मीटरवर गेली, साठवणीतले ओंडके वाहत वस्तीत घुसले आणि या वादळाने पाच हजारांच्या आसपास बळी घेतले. आता बांध आहेत, तरीही 'हाझाडो माप्पु' म्हणजे पूरनकाशा पाहिल्याशिवाय सही करू नका. त्यावर घराची जागा दाखवणं एजंटाला २०२० पासून बंधनकारक आहे. सहीआधी एजंट माहितीचा कागद भराभर वाचून दाखवतो, तेव्हा त्याला थांबवा आणि पाणी किती मीटर चढू शकतं ते विचारा. मिनातोतच राहायचं असेल तर वरचा मजला घ्या. चिकुसा, मेईतो उंचावर आहेत. थोडं जास्त भाडं पडलं तरी तिथेच पाहा. तेम्पाकुही चांगलं, फक्त नदीकाठ टाळा. २००० च्या सप्टेंबरात तिथे पाणी भरलं होतं.

पत्त्याची नोंद कुयाकुशोत, म्हणजे प्रभाग कार्यालयात, १४ दिवसांत करा.

कचऱ्याबाबत हे शहर कडक आहे, त्याचंही कारण बंदरच. बंदरालगतची फुजिमाएची दलदल कचऱ्याने बुजवायचा बेत १९९९ मध्ये सोडावा लागला, पालिकेने कचरा-आणीबाणी जाहीर केली आणि वर्गीकरण सक्तीचं झालं. जळाऊ कचरा ठरलेल्या पिशवीतच, आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत. भाजीची सालं निथळून टाका. तळणीचं तेल कागदात किंवा कापडात शोषून मगच पिशवीत. वर जाळी नीट ओढा, नाहीतर कावळे पिशव्या फाडतात आणि बोल सगळ्या भारतीयांना लागतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक 'जूमिनझेई'ची. हा स्थानिक कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर असतो, करपात्र रकमेच्या सुमारे दहा टक्के. पहिल्या वर्षी तो येत नाही, म्हणून लोक हातातला सगळा पगार आपलाच समजून घरी पाठवतात. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून कपात सुरू होते. नोकरी सोडली तरी तो माफ होत नाही. १ जानेवारीला इथे नोंद असेल, तर त्या वर्षीचा अख्खा कर लागतो, मग तुम्ही २ जानेवारीला परत गेलात तरी. पहिल्या पगारापासून दहावा हिस्सा बाजूला ठेवा. परतायचं असेल तर ३१ डिसेंबरच्या आत निघा.

शाकाहारी असाल तर लाल मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्येही 'दाशी' म्हणजे माशाचा अर्क असतो, हे धरूनच चला.

भुयारी रेल्वेची मेइजो लाइन गोल फिरते, पण तिच्या काही गाड्या कानायामा स्टेशनहून वळून थेट नागोयाकोला, बंदरावर जातात. चढण्याआधी पाटी वाचा.