ओसाड खाणगावात रात्रीचा मुक्काम? आधी हे विचारा

‘एक रात्र भुताच्या गावात’ अशी टूरची जाहिरात पाहून पैसे भरले जातात, आणि मुक्काम निघतो भलत्याच गावातल्या हॉटेलात. नाशिकहून बुकिंग करताना अॅडव्हान्सआधी एवढं करा.

१. एजंटला व्हॉट्सअॅपवर विचारा: ‘झोपायचं खाणगावाच्या हद्दीत की बाहेर?’ उत्तर लेखीच घ्या.

२. ते त्या ठिकाणाच्या अधिकृत वेबसाइटवर ताडून पाहा. कॅलिफोर्नियातलं बोडी हे सोन्याच्या खाणीचं गाव. तिथे कॅम्पिंगला बंदी, त्यामुळे रात्र ब्रिजपोर्टसारख्या जवळच्या गावातच काढावी लागते. नामिबियातलं हिऱ्यांचं कोलमन्सकोप लुडेरिट्झपासून जेमतेम १० किलोमीटर. लुडेरिट्झला राहून फोटोचं वेगळं परमिट काढलं, तर सूर्योदयापासून आत जाता येतं. वाळूने भरलेल्या खोल्यांत पहाटेचा उजेड मिळतो, आणि खरं तर सगळा पैसा तिथेच वसूल होतो.

३. मुक्काम बाहेरच असेल तर हॉटेल आणि दिवसाचा गाईड यांचे दर वेगवेगळे मागा, मग पॅकेजशी ताडा.

कपड्यांचं मात्र आधीच पाहा. बोडी सुमारे २,५५० मीटरवर आहे, उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. निफाडच्या थंडीत चालणारा स्वेटर तिथे पुरायचा नाही, थर्मल न्या.

खबरदारी: आठवण म्हणून गंजका खिळाही खिशात टाकू नका. बोडीत तिथली कुठलीही वस्तू उचलणं बेकायदेशीर आहे.