नोटिफिकेशनचा आवाज बनवताना

हेडफोनमध्ये झकास वाटलेला आवाज फोनवर फुसका निघतो. फोनचा स्पीकर नखाएवढा, साधारण ५०० हर्ट्झच्या खालचं त्याला नीट वाजवताच येत नाही. डग्ग्याची घुमक टाकाल तर नुसतं 'टक' ऐकू येईल. उलट २००० ते ५००० हर्ट्झ कानाला सगळ्यात तिखट लागतात. सगळा आवाज तिथेच ठेवला तर दिवसभरात डोकं उठतं. म्हणून मूळ सूर ८०० ते १५००च्या दरम्यान ठेवा आणि वर थोडीशी चमक द्या.

आवाज बनवायला ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि फुकटही. मोनो ट्रॅक घ्या. जनरेट मेनूतल्या टोनमधून साइन लहर (एकच शुद्ध सूर) काढा: ८८० हर्ट्झ, ०.१२ सेकंद, ॲम्प्लिट्यूड (लहरीचा जोर) ०.४. तिला लागूनच १३२० हर्ट्झ, ०.३ सेकंद. हे झालं सा-प. चढता सूर 'काहीतरी आलं' असं सुचवतो. प-सा केलंत तर काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. खालच्या ट्रॅकवर त्याच वेळांना दुप्पट सूर, १७६० आणि २६४०, ॲम्प्लिट्यूड ०.१. हा थर हवाच, कारण नुसती साइन लहर कुठून येते ते कानाला ओळखता येत नाही, फोन कुठल्या उशीखाली आहे ते शोधत बसावं लागतं.

आता टिकटिक. लहर मधेच सुरू झाली किंवा तुटली की स्पीकरचा पडदा झटका खातो. प्रत्येक सुराला सुरुवातीला ५ मिलिसेकंद फेड इन द्या, म्हणजे आवाज शून्यापासून हळूहळू चढवा. पहिल्याला शेवटी २० मिलिसेकंद फेड आउट (तसाच उतरवा), दुसऱ्याला जवळपास पूर्ण लांबीभर. मग मिक्स करून −३ डेसिबलवर नॉर्मलाइज करा, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज त्या पातळीला आणा.

अँड्रॉइडसाठी ओजीजी फाइल ॲपच्या कोडमधल्या 'रॉ' फोल्डरमध्ये ठेवा. नावात फक्त लहान इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. हायफन आला की बिल्ड (कोडपासून ॲप तयार होणं) अडतो. एमपी३ टाळा, सुरुवातीला शांततेचा तुकडा चिकटतो. अँड्रॉइड ८पासून एकदा बनवलेल्या चॅनेलचा (ॲपमधल्या एका प्रकारच्या नोटिफिकेशनच्या गटाचा) आवाज कोडमधून बदलत नाही. 'नवा आवाज वाजतच नाही' ही तक्रार बहुतेकदा इथली असते. नवा आयडी देऊन नवा चॅनेल करा. आयफोनला वॅव्ह, एआयएफएफ किंवा सीएएफ लागते.

चाचणी टेबलावर नको. फोन जीन्सच्या खिशात घाला: कापड वरचे सूर आधी खातं, तेव्हा मूळ सूर एकटा पुरला पाहिजे. नाही पुरला तर पहिला सूर ०.१८ सेकंद करा, साधारण ०.२ सेकंदांपर्यंत सूर लांबवला की कानाला तो मोठाही वाटतो. मग लोकलमध्ये ऐका. तिथल्या घरघरीतून दुप्पट सुरांचा थरच वाट काढतो, तो दबला तर त्याचं ॲम्प्लिट्यूड ०.१चं ०.२ करा.