टायर पॉलिश आणि कोटिंग घरी करताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी कोल्हापूरजवळ कळंब्यात आमच्या गल्लीत दोन-तीन गाड्या तरी धुवायला निघतात. बादली, फडकं, आणि हल्ली त्यांच्या शेजारी ऑनलाइन मागवलेली, पेंटवर कडक संरक्षक थर बसवणाऱ्या सिरॅमिक कोटिंगची छोटी बाटली. गेली बारा-तेरा वर्षं सुट्टीच्या दिवशी मी स्वतःची आणि नात्यातल्यांच्या गाड्या घासतोय. आधी लोक वॅक्स आणायचे, मग टेफ्लॉनची लाट आली, आता सिरॅमिक. बाटल्या बदलत गेल्या, चुका मात्र त्याच आहेत. बिघडलेलं काम घेऊन कुणी दारात आलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो, की बाटली उघडायच्या आधी गाडीला किती वेळ दिलास? उत्तर येतं, "अर्धा तास असेल की." दुखणं तिथंच असतं. खालचा पेंट जेवढा स्वच्छ आणि सपाट, तेवढीच वरची चमक. कोणतीही महागडी बाटली त्यात भर घालत नाही, फक्त आहे ते राखते.

टायर पॉलिश: धुवायचा कंटाळा आणि पुसायची विसर

चैत्रातली गोष्ट. मावसभाऊ पांढरी गाडी घेऊन आम्हाला जोतिबाला न्यायला आला. निघायच्या आधी पंधरा मिनिटं त्यानं डिकीतून स्प्रे काढला आणि चारी टायरवर पॉलिश मारलं. टायर घासलेले नव्हते. नुसती पाण्याची धार मारलेली आणि तेही अजून ओले. मी म्हटलं, "अरे, जास्तीचं पुसून तरी घे." तो म्हणाला, "राहू दे दादा, वाऱ्यानं वाळतंय की!"

गल्लीच्या तोंडाशीच पहिला ब्रेक ढिला लागला. स्प्रेचा फवारा अलॉय चाकाच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कवर गेला होता. दोन-चार ब्रेकनंतर पकड आली, पण समोर एखादं पोर आलं असतं तर? या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. पुढं केर्ली सोडून चढाला लागेपर्यंत टायरवरचं जादा पॉलिश चाकांमागच्या दारांवर बारीक थेंबांनी उडालं होतं. जोतिबाच्या वाडी रत्नागिरीत गुलालाची उधळण काय असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. उतरताना बाकीच्या अंगावरचा गुलाल वाऱ्यानं बराचसा गेला. त्या चिकट ठिपक्यांवरचा मात्र घट्ट बसला. घरी पोचल्यावर भावानं ओलं फडकं घेऊन दारं खसाखसा पुसली. गुलालाचा रंग सुटला, सिलिकॉनच्या तेलकटात कालवला गेला आणि दोन्ही बाजूंना गुलाबी ढग उमटले.

ते काढायला पुढचा अख्खा रविवार गेला. पाण्याची धार झाली, शाम्पूचा दाट फेस झाला, तरी तेलकट थर हलेना. मग डांबराचे डाग काढायचा टार रिमूव्हर मायक्रोफायबरच्या मऊ कापडावर घेऊन तळहाताएवढा भाग पुसत गेलो, शेवटी हलकं पॉलिश केलं. पेंट पूर्ववत झाला. दारांखालच्या खडबडीत प्लॅस्टिकच्या पट्टीत शिरलेला गुलाबीपणा पावसाळ्यापर्यंत दिसत होता.

म्हणून टायरचं काम मी असं करतो. प्लॅस्टिकच्या ताठ ब्रशनं आणि शाम्पूच्या पाण्यानं टायर घासायचा. पहिला फेस तपकिरी येतो. ती नुसती माती नसते. रबर तडकू नये म्हणून टायर बनवताना त्यात एक संरक्षक रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेत तपकिरी पडतं. त्यात जुन्या पॉलिशचा थरही असतो. फेस पांढरा येईपर्यंत घासायचं, दोनदा लागो नाहीतर चारदा. मग टायर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. पॉलिश स्पंजवर घ्यायचं, टायरवर थेट फवारायचं नाही. पातळ हात फिरवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं आणि जुन्या फडक्यानं जादा पुसून घ्यायचं. हे शेवटचं पुसणं लोकांना पटत नाही, कारण त्यानं ओला लखलखाट जातो. जाऊ द्या. नव्या टायरचा काळा रंग मॅट असतो, आणि तोच चांगला दिसतो असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात दोन प्रकार मिळतात. दुधासारखं पांढरं, पाण्यावर आधारलेलं एक, आणि सॉल्व्हंटवर आधारलेलं चकचकीत, चिकट दुसरं. दुसरं जास्त दिवस टिकतं, पण उडतंही जास्त आणि धूळही ओढतं. मी पहिलंच वापरतो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावतो.

टायर काळे करायला डिझेल किंवा जळकं ऑइल लावणारे अजून आहेत. पेट्रोलियमनं रबर फुगतं आणि तेच संरक्षक रसायन बाहेर ओढलं जातं. वर्षभरात बाजूच्या भिंतीवर बारीक तडे दिसायला लागतात आणि मग दोष टायरच्या कंपनीला दिला जातो. आणि दुचाकीच्या टायरला कोणतंही पॉलिश कधीच लावू नका. वळणावर गाडी झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते.

कोटिंग: खाली काय आहे ते न बघता

माझा भाचा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. गडद निळी गाडी, दिवसभर शेडच्या बाहेर उभी. गेल्या जूनच्या शेवटी त्याचा फोन आला, "मामा, बोनेटवर इंद्रधनुष्य आलंय, पुसलं तरी जात नाही." जाऊन बघितलं तर बोनेट, टप (छत) आणि डावी दोन दारं यांच्यावर तेलकट, सप्तरंगी पट्टे. बोटं फिरवली तर पेंट वाळूच्या कागदासारखा लागला. त्यानं सकाळी गाडी धुतली, टॉवेलनं पुसली आणि लगेच कोटिंग लावायला घेतलं होतं. आभाळ भरलेलं, हवा दमट. वेळ वाचावा म्हणून अर्धं बोनेट एका दमात माखलं आणि आईनं चहाला हाक मारली म्हणून आत गेला.

यात दोन स्वतंत्र चुका आहेत.

पहिली, खरखर. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यात गाडी लावणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ग्राइंडिंगचे लोखंडाचे बारीक कण गरम असतानाच उडतात आणि पेंटमध्ये रुततात. पावसात ते गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस टिपक्यांसारखे दिसतात आणि लोकांना वाटतं पत्र्यालाच गंज लागला. गडद गाडीवर दिसत नाहीत, फक्त हाताला कळतात. नुसत्या शाम्पूनं ते निघत नाहीत. हातात पातळ कॅरीबॅग घालून धुतलेल्या बोनेटवरून हळूच फिरवा. बोटांना जे कळत नाही ते प्लॅस्टिकमधून लगेच कळतं. खरखर लागली तर लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर फवारायचा, सावलीत आणि पत्रा थंड असताना. लोखंड जिथं असेल तिथं जांभळे ओघळ येतात. वास घाणेरडा येतो, तो सोसायचा. वाळू द्यायचा नाही, चार-पाच मिनिटांत भरपूर पाण्यानं धुवायचं. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, शाम्पूच्या पाण्यानं पेंट बुळबुळीत ठेवून, हलक्या हातानं. क्ले खाली पडला तर सरळ टाकून द्या. त्यात घुसलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघा ओढतो.

क्लेनंतर पॉलिश, आणि पॉलिशचं तेल काढायला पॅनेल वाइप नावाचं पुसायचं द्रावण. इथं कोरोनातला उरलेला हँड सॅनिटायझर वापरणारे मी पाहिलेत. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं. तेल काढायला गेलात आणि नवा चिकट थर लावून आलात. कोटिंग पेंटला धरणार कसं? त्याच कारणानं कोटिंगच्या दिवशी टायर पॉलिश आणि डॅशबोर्ड पॉलिश मी घरातच ठेवतो. सिलिकॉनचा फवारा हवेतून तयार पॅनेलवर बसला तर डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरी चूक वेळेची. बहुतेक सिरॅमिक कोटिंग हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतात. हिवाळ्यात सावलीत जो थर दोन-तीन मिनिटं सवड देतो, तो जूनच्या दमट हवेत मिनिटाभरात धरायला लागतो. भाच्याचा चहा होईपर्यंत थर आवळला होता. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, याहून जास्त भाग घ्यायचा नाही. स्पंजच्या ठोकळ्यावर कापड गुंडाळायचं, पाच-सहा थेंब, आधी आडवे हात, मग उभे. घाम फुटल्यासारखे बारीक थेंब किंवा सप्तरंगी झाक दिसली की पहिल्या मायक्रोफायबरनं पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोऱ्या कापडानं. मग टॉर्च तिरपा धरून बघायचं आणि तेव्हाच पुढचा चौकोन. तासाभराच्या आत पट्टा सापडला तर त्यावर ताज्या कोटिंगचा एक हात देऊन पुसलं की बहुधा सुटतो. दुसऱ्या दिवशी सापडला तर पॉलिशशिवाय इलाज नाही.

भाच्याच्या गाडीला आम्हाला तीन रविवार लागले. आधी लोखंड काढलं, कारण कणांवरच पॉलिशची मशीन फिरवली असती तर तेच कण पॅडखाली घासले गेले असते. मग क्ले. मग कंपाउंडनं, म्हणजे घासून थर काढणाऱ्या जाड पॉलिशनं, कोटिंग उतरवलं. कंपाउंड प्रत्येक वेळी लॅकरचाही, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचाही, थोडा भाग खातं. कंपनीच्या पेंटवर लॅकर साधारण ४०-५० मायक्रॉन असतो, आपल्या केसाहून पातळ, आणि गेलेला परत येत नाही. घाईनं लावलेल्या कोटिंगची खरी किंमत ही. नवीन कोटिंग आम्ही दिवाळीनंतर लावलं. माझ्या मते कोल्हापुरात घरी कोटिंग करायचं तर दिवाळी ते महाशिवरात्र, सकाळी ऊन चढायच्या आत. पहिली रात्र गाडी छपराखालीच हवी, कारण थंडीतलं दव ताज्या थरावर डाग पाडतं. पुढचे सात दिवस शाम्पू नाही.

आणि कोटिंगच्या बाटलीवर लिहिलेलं ते '९एच'. ही पेन्सिलच्या शिशाची कडकपणाची चाचणी आहे. त्या कडक पेन्सिलनं थरावर ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक-दोन मायक्रॉनचा थर किल्लीचा ओरखडा अडवत नाही, पुणे-बंगळूर हायवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडाही नाही. खड्यांसाठी पीपीएफची, म्हणजे पेंटवर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म असते, ती वेगळी गोष्ट.

बाकीच्या, पटापट

भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर गाडीला नको. वॅक्स निघून जातं आणि साबण बुळबुळीत नसल्यामुळं मातीचे कण घासले जातात. कार शाम्पू महाग वाटत असेल तर महिन्यातून दोनदाच धुवा, पण त्यानंच धुवा.

सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकायची सवय सगळ्यात वाईट. उन्हात बोनेटवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, ती या झटकण्यानं होते. ऊस हंगामात पाचटाची काजळी बसते तेव्हा तर हातच लावू नका. आधी पाण्याची धार, आणि दव पडायच्या आत. ओली राख पेंटला खाते.

बोअरचं जड पाणी गाडीवर वाळू देऊ नका. कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे मणी उभे राहतात आणि प्रत्येक मणी वाळून क्षाराचं गोल कडं सोडतो. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, दोन मिनिटं ठेवून धुवायचं.

अंबाबाईच्या दारात नव्या गाडीची पूजा झाली की बोनेटवरचं ओलं कुंकू त्याच दिवशी भरपूर पाण्यानं उतरवा. आठवडाभर उन्हात राहिलं की लॅकरमध्ये रंग उतरतो. मी पूजेसाठी स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढायला सांगतो. आईला आधी रुचलं नव्हतं, आता तीच इतरांना सांगते.

स्टिअरिंग, पेडल आणि दुचाकीच्या सीटला चकचकीत पॉलिश नको. हात-पाय घसरतात.

कोटिंग पुसलेली मायक्रोफायबर कापडं धुऊन परत वापरू नका. राहिलेलं कोटिंग त्यात काचेसारखं कडक होतं. बाकीची कापडं वेगळी धुवा, फॅब्रिक कंडिशनरशिवाय. टायरचं फडकं कायम वेगळं ठेवा. माझ्या टायरच्या फडक्याचा एक कोपरा मी कात्रीनं कापून ठेवतो, म्हणजे अंधारातसुद्धा ते चुकून बोनेटवर जात नाही.