कॅल्कोजेनाइड वेव्हगाइडमधून मिड-इन्फ्रारेड काढताय? या चुका टाळा

कॅल्कोजेनाइड म्हणजे गंधक किंवा सेलेनियमवर बेतलेली काच. तिच्या चिपवरच्या वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक पट्टीत, लेसरची पल्स सोडायची आणि तिचा स्पेक्ट्रम मिड-इन्फ्रारेडपर्यंत रुंद करायचा, हा सगळा खेळ. स्पेक्ट्रम रुंद होत नाही म्हटलं की नवखा आधी पॉवर वाढवतो. मग वेव्हगाइडचं तोंड जळतं, मग तो नवी चिप मागायला येतो. पॉवरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी डिस्पर्शन बघा, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांब्या गाइडमधून किती वेगवेगळ्या वेगाने धावतात ते.

आर्सेनिक सल्फाइडची नॉनलिनिअरिटी (तीव्र प्रकाशातून नव्या तरंगलांब्या निर्माण करायची ताकद) सिलिकाच्या 100 पटींच्या घरात, हे वाचून लोक हुरळतात. पण या काचेचं झीरो-डिस्पर्शन (जिथे डिस्पर्शन शून्य होतं ती तरंगलांबी) 5 मायक्रॉनच्या आसपास असतं, आर्सेनिक सेलेनाइडचं तर 7 च्याही पुढे. हाताशी आहे म्हणून 1.55 मायक्रॉनचा लेसर जाड गाइडमध्ये सोडलात, तर पल्स वेळेत पसरते, तिची शिखर-पॉवर घसरते आणि स्पेक्ट्रम पंपाभोवती, म्हणजे आत सोडलेल्या लेसरभोवती, जरासा फुगून थांबतो. गाइडचा छेद लहान करून झीरो-डिस्पर्शन खाली ओढावं लागतं. फारच बारीक केलात तर लांब तरंगलांब्या बाहेर सांडतात, आणि गाइडखाली सिलिकाचा थर असेल तर 4 मायक्रॉनच्या पुढचं ती गिळून टाकते. म्हणून डिस्पर्शनचा आलेख आणि सगळ्यात लांब तरंगलांबीचा मोड (ती गाइडमध्ये कशी पसरून बसते त्याचं चित्र) दाखवल्याशिवाय मी कुणाला चिप बनवायला क्लीनरूममध्ये सोडत नाही. कुरकुर होते. होऊ दे.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची: भुताला स्पेक्ट्रम समजणं. एक विद्यार्थी आलेख घेऊन आला. पंप 4.1 मायक्रॉनचा, आणि 8.2 ला सुंदर उंचवटा. स्लाइड तयार, मथळाही ठरलेला. मी विचारलं, ग्रेटिंगसमोर (तरंगलांब्या वेगळ्या करणाऱ्या रेघांच्या पट्टीसमोर) फिल्टर कोणता होता? नव्हताच. 4.1 चा प्रकाश ग्रेटिंगच्या दुसऱ्या ऑर्डरमध्ये, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी पडणाऱ्या प्रतीत, नेमका 8.2 च्या जागी येऊन बसतो. पंप अडवणारा लाँगपास फिल्टर लावला आणि उंचवटा गायब झाला. खरा प्रकाश 6 च्या अलीकडेच संपत होता. फिल्टर शोधायचा कंटाळा, बाकी काही नाही. शंका असेल तर पंप थोडा कमी करून बघा: भूत पंपाच्याच प्रमाणात उतरतं, खरी रुंदी मात्र टोकाकडून झपाट्याने आक्रसते.

स्पेक्ट्रममध्ये खड्डा दिसला की लगेच काचेला शिव्या देऊ नका. 4.26 चा खड्डा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. बीमची वाट कोरड्या नायट्रोजनने भरा; खड्डा भरला तर काच निर्दोष. 4 च्या आसपास सल्फर-हायड्रोजन आणि 4.6 जवळ सेलेनियम-हायड्रोजन बंधाचे खड्डे मात्र काचेतलेच. ते नायट्रोजनने जात नाहीत, काच नव्याने शुद्ध करावी लागते.

आर्सेनिक सल्फाइडची फिल्म उघडी ठेवून नेहमीचा अल्कलाइन डेव्हलपर (चिपवर नक्षी उमटवताना वापरतात तो द्रव) ओतू नका, तो फिल्मच खातो. मध्ये पातळ पॉलिमरचा थर द्या.

कपलिंगचा (गाइडमध्ये प्रकाश किती शिरतो आणि बाहेर येतो त्याचा) हिशेब करताना परावर्तन विसरू नका: सल्फाइडच्या प्रत्येक तोंडावर सुमारे 17 टक्के, सेलेनाइडच्या 22.

तोंड जळलं की नाही हे पॉवर मीटरवरून ठरवू नका. मायक्रोस्कोपखाली बघा, दर वेळी पॉवर वाढवण्याआधी. आणि चिप तोडताना उडणारी धूळ आर्सेनिकची आहे. फुंकर मारून टेबल साफ करणारा माझ्या लॅबमध्ये दुसऱ्यांदा दिसत नाही.