मुंबईतला फ्लॅट आणि आईवडिलांचं मृत्युपत्र

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही; साधा कागद चालतो आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. अडतं ते साक्षीदारांपाशी. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात आणि प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोरच सही करायची असते. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. शक्यतो आईवडिलांपेक्षा वयाने लहान, सहज सापडतील अशी माणसं निवडा. पुढे वाद झाला तर त्यांनाच कोर्टात सांगावं लागतं. मृत्युपत्र करणाऱ्याचं वय जास्त असेल तर सहीच्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, कारण ‘शुद्धीत नव्हते’ हाच आक्षेप आधी येतो. फ्लॅटचा पत्ता, सोसायटीचं नाव आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक नीट लिहा.

सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळतो. मुखत्यारपत्रही (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) ते देणारा माणूस गेला की संपतं.

हयातीतच घर मुलाच्या नावे करायची घाई मात्र टाळा. बक्षीसपत्र (गिफ्ट डीड) करायचंच असेल तर ‘आईवडिलांचा सांभाळ करीन’ ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून घ्यायला हीच अट आधार देते.